गाव सुटलं, तरी रेशन सुटत नाही



गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक पोर आली होती. पोर म्हणजे वय बावीस, पाचवा महिना, कडेवर तीन वर्षांचा मुलगा. नवरा सेंटरिंगच्या कामाला. हिंगोलीकडचं गाव सोडून त्यांना शहरात दीड वर्ष झालं होतं. हिमोग्लोबिन तपासलं, 7.4 निघालं. गरोदर बाईचं ते किमान 11 तरी हवं. मी नेहमीचं सांगायला लागले : ताई, डाळ खा, पालेभाजी खा, रोज एक अंडं खा.

ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, तांदूळ-पीठच विकत घेतो आम्ही. अंडी कुठून आणू?"

"का? रेशन नाही का?"

"कार्ड गावाला आहे ना. सासूकडे."

हे उत्तर मी शंभर वेळा ऐकलंय. नाक्यावरच्या मजुराकडून ऐकलंय, ऊसतोडीहून परतलेल्या बाईकडून ऐकलंय, धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावश्यांकडून ऐकलंय. कार्ड गावाला, पोट शहरात. आणि गाव सुटलं की रेशनही सुटलं, असं सगळे धरून चालतात. हे खरं नाही. या महिन्याच्या आरोग्य पानावर म्हणून औषधांऐवजी रेशनबद्दल लिहिते आहे. कारण त्या पोरीच्या अंगात रक्त कमी होतं त्याचं एक कारण तिच्या ताटात होतं, आणि ताटातल्या कमतरतेचं कारण कागदात होतं.

आधी लाजेची गोष्ट

आपल्यातली काही शिकलेली माणसं म्हणतात, "आता आपण रेशनचं कशाला खायचं?" दुकानदार म्हणतो, "फुकटचं घेता आणि वर बोलता." त्यामुळे बायका खालमानेनं रांगेत उभ्या राहतात.

आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामं करून दारोदार शिळी भाकर मागितली. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं-शिळं अन्न सोडायला सांगितलं. ते अन्न देणाऱ्याच्या मर्जीवर होतं, म्हणून ते सोडायचं होतं. रेशनचं तसं नाही. जनतेचं पोषण सुधारणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं संविधानाच्या कलम 47 मध्ये लिहिलेलं आहे. आणि 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं धान्य हा पात्र कुटुंबाचा कायदेशीर हक्क केला. महाराष्ट्रात हा कायदा 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू आहे. दुकानदार आपल्याला काही देत नाही, तो आपलं आपल्याला पोचवतो. त्यासाठी त्याला कमिशन मिळतं. तेव्हा रांगेत मान वर करून उभं राहा.

कोणाला किती

अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य, घरात माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर कार्डावर नाव असलेल्या प्रत्येक माणसाला 5 किलो. पूर्वी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे, आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षं ते मोफतच राहील असं केंद्र सरकारनं जाहीर केलेलं आहे. म्हणजे या धान्यासाठी कोणी दहा-वीस रुपये मागितले तरी द्यायचे नाहीत.

इथे एक घोळ होतो. लोक कार्डाचा रंग बघतात. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळणारच, असं नाही. कार्डावर अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का ते बघा. पुढचा सगळा लेख त्या शिक्क्याच्या कार्डाबद्दल आहे.

कार्ड गावाला असलं तरी

2019 च्या ऑगस्टमध्ये "एक देश एक रेशन कार्ड" ही योजना सुरू झाली. सुरुवातीच्या चार राज्यांत महाराष्ट्र होता. 2022 पर्यंत ती देशातल्या सगळ्या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत पोचली. सुप्रीम कोर्टानंही 29 जून 2021 च्या निकालात सर्व राज्यांना ही योजना लागू करायला बजावलं होतं, कारण टाळेबंदीत पायी गावी निघालेले मजूर सगळ्या देशानं पाहिले होते.

योजनेचा अर्थ साधा आहे. तुमचं कार्ड हिंगोलीचं असो, बीडचं असो की बिहारमधल्या गयेचं, तुम्ही राहता तिथल्या कोणत्याही रेशन दुकानात तुमचं धान्य मिळतं. कार्ड बदलून आणायची गरज नाही. मूळ कार्ड हातात असायचीही गरज नाही. कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा कार्डाला जोडलेल्या कोणत्याही सदस्याचा आधार नंबर दुकानदाराला द्या. तो मशीनमध्ये टाकेल, तुम्ही अंगठा द्याल, वाटा स्क्रीनवर दिसेल.

सगळं धान्य एकाच जागी उचलावं लागतं असंही नाही. घरातली अर्धी माणसं गावात आणि अर्धी शहरात असतील, तर तुम्ही इथे आपला वाटा घ्या, उरलेला सासू गावात घेईल. फक्त आधी बोलून ठेवा. नाहीतर गावात कोणीतरी सगळंच उचलतं आणि इथे मशीन शून्य दाखवतं.

दुकानदार बहुतेक वेळा म्हणतो, "तुमचं कार्ड इथलं नाही." वाद घालू नका. एवढंच म्हणा : "एक देश एक रेशन कार्डमध्ये नंबर टाकून बघा." तरी नाही म्हणाला तर त्याच्यासमोरच 1967 किंवा 14445 या हेल्पलाइनला फोन लावा. दुकानाचा नंबर आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

तिचं नाव कुठेच नव्हतं

त्या पोरीच्या घरी आम्ही गावाकडच्या कार्डाचा फोटो मागवला. नावं होती तीन : सासरा, सासू आणि नवरा. सासरा तर वारलेला. सुनेचं नाव नाही, नातवाचं नाव नाही. माहेरच्या कार्डातून तिचं नाव लग्नानंतर कमी केलं होतं. म्हणजे चार वर्षं ही बाई सरकारच्या हिशेबात कुठेच जेवत नव्हती.

आपल्याकडच्या दहा सुनांना विचारून बघा. दोन-तीन जणींची तरी हीच गत निघते. लग्नात भांडीकुंडी मोजून येतात, पण रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायला कोणाला आठवत नाही. म्हणून हे करा :

सून घरात आली की माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, लग्नाचा पुरावा आणि आधार घेऊन नाव वाढवण्याचा अर्ज द्या. बाळ जन्मलं की जन्मदाखला मिळाल्याबरोबर त्याचं नाव घाला. पाच महिन्यांच्या बाळालाही कायद्यानं पाच किलोच आहेत. वारलेल्या माणसाचं नाव स्वतःहून कमी करा, नाहीतर कार्डच संशयात येतं. तालुक्याला हा अर्ज तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत द्यायचा, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

आणखी एक. या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे रेशन कार्डासाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या 18 वर्षांवरील सगळ्यात मोठ्या बाईचं नाव लागतं. नवरा सोडून गेला किंवा दुसरीकडे राहायला गेला, तरी कार्ड बाईचं आहे. हे आपल्या किती जणींना माहीत आहे?

अंगठा लागत नाही तेव्हा

सिमेंट कालवणारा, विटा उचलणारा, फिनाइलनं फरशी पुसणारी, दिवसभर भांडी घासणारी. यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. म्हाताऱ्या माणसांच्याही झिजतात. मशीनला ते कळत नाही. ते फक्त "जुळत नाही" म्हणतं, आणि दुकानदार म्हणतो पुढच्या महिन्यात या.

2017 साली झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी वारली. आधारशी जोडलं नाही म्हणून घरचं रेशन कार्ड रद्द झालं होतं. मुलगी भात मागत गेली, असं आईनं सांगितलं. प्रशासन म्हणालं, मलेरियानं गेली. त्यानंतर 24 ऑक्टोबर 2017 रोजी केंद्राच्या अन्न खात्यानं सगळ्या राज्यांना लेखी सूचना दिली : आधार नाही म्हणून कोणाचं नाव यादीतून काढायचं नाही, आणि आधार जोडलेलं नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही. दुसऱ्या ओळखपत्रावर, वहीत नोंद करून धान्य द्यायचं. ही तारीख लक्षात ठेवा. दुकानात तोंडी सांगायला ती कामाला येते.

अंगठा लागला नाही तर आधी दुसरी बोटं लावून बघा. हात कोमट पाण्यानं धुवून, पुसून, थोडं तेल लावून परत प्रयत्न करा. कार्डातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीची सोय विचारा.

सध्या ई-केवायसीची धावपळ आहे. कार्डातल्या प्रत्येकानं एकदा आपली ओळख पटवायची, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी भाडं खर्चून गावी जायची गरज नाही. राहता तिथल्या रेशन दुकानात ते होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. पण ते टाळू नका. कामावर गेलेली, परगावी असलेली माणसंच राहून जातात आणि नंतर त्यांचीच नावं अडकतात.

कार्ड नसलं तरी आजपासून मिळणारं

नाव चढायला महिने लागतात. पोटातलं बाळ तोवर थांबत नाही. म्हणून हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

अंगणवाडीला रेशन कार्ड लागत नाही. त्याच अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने, अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क आहे. कलम 5 प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा आहार, मोठ्यांना तिथेच गरम जेवण. तुम्ही भाड्यानं राहता, मतदार यादीत गावचं नाव आहे, वस्ती नवीन आहे, यातलं काहीही आड येत नाही. गावच्या अंगणवाडीत नोंद असेल तर ती इकडे वळवून घेता येते. अंगणवाडीताईंना तसं सांगा.

आपल्या वस्तीला अंगणवाडीच नसेल तर? सुप्रीम कोर्टानं 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात म्हटलं आहे की सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असलेल्या झोपडवस्तीनं मागणी केली, तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी लागते. चाळीस मुलांची नावं, वयं आणि पालकांच्या सह्या एवढाच अर्ज. बायकांनी दोन दिवसांत तो तयार करता येतो.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत दुपारचं जेवण आहे. वर्षाच्या मध्येच गाव सोडलं असेल तरी शाळेत घाला. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आणि हेही माहीत असू द्या, की शाळेत जेवण शिजवायच्या कामावर दलित, आदिवासी बायकांना प्राधान्य द्या, असा सुप्रीम कोर्टाचा 20 एप्रिल 2004 चा आदेश आहे. आपल्या हातचं पोरांनी खाऊ नये म्हणणारे अजून आहेत. त्यांना हा आदेश दाखवा.

पाच किलोत भागत नाही

पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम धान्य. त्यातून साडेपाचशे ते सहाशे कॅलरी मिळतात. ओझी उचलणाऱ्या माणसाला दोन हजारांहून जास्त लागतात. म्हणजे रेशननं पाव पोट भरतं. मग एवढी धडपड कशाला?

हिशेब करा. त्या पोरीच्या घरात शहरात तीन माणसं. तिघांचे 15 किलो. बाजारात किलोला 40 रुपये धरले तरी महिन्याचे 600 रुपये. तेवढे पैसे धान्यावरून वाचले तर डाळ, अंडी, शेंगदाणे, भाजी येते. धान्यानं पोट भरतं, पण रक्त वाढायला डाळ, अंडी आणि पालेभाजी लागते. म्हणून रेशन मिळालं तर ते पैसे ताटातच जाऊ द्या, बिस्किटाच्या पुड्यात किंवा दारूत नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे 54 जणींना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत 36 मुलांचं वजन वयाच्या मानानं कमी निघालं. हे आकडे आपल्या वस्त्यांतलेच आहेत.

रेशनच्या तांदळाबद्दलही एक सांगते. त्यात कधी कधी थोडे वेगळे, पिवळसर दाणे दिसतात, धुताना तरंगतात. बायका "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून वेचून टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 मिसळून केलेले ते दाणे असतात, साधारण शंभर दाण्यांत एक. टाकू नका. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून खा. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

शिक्काच नसेल तर

हा खरा अन्याय आहे. महाराष्ट्रात 2013 साली प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा शहरात 59,000 आणि गावात 44,000 रुपये ठरली. शहरातली ही मर्यादा म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. नाक्यावरचा मजूर अर्धा महिना कामावर गेला तरी त्याच्या वर जातो. वरून कार्यालयात सांगतात, "इष्टांक भरला." म्हणजे ठरलेली माणसं पूर्ण झाली. ती संख्या अजून 2011 च्या जनगणनेवर आहे. त्यानंतर जन्मलेली पोरं आता सातवी-आठवीत गेली.

तरी अर्ज सोडू नका. असंघटित कामगार म्हणून ई-श्रमवर नोंद करा, ती मोफत आहे. ई-श्रमवर नोंद असलेल्या आणि रेशन कार्ड नसलेल्या कामगारांना, इष्टांकाकडे न बघता कार्ड द्या, असं सुप्रीम कोर्टानं 20 एप्रिल 2023 रोजी आणि परत 19 मार्च 2024 रोजी राज्यांना सांगितलं आहे. अर्जात या दोन तारखा लिहा. विधवा, अपंग, आधार नसलेले म्हातारे, मोठ्या आजाराचे रुग्ण असतील तर अंत्योदय मागा. नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी नकार घेऊन जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तिथून राज्य अन्न आयोगाकडे जाता येतं. तोंडी नकार घेऊन कुठेच जाता येत नाही.

ती पोर

त्याच आठवड्यात अंगणवाडीत तिची आणि मुलाची नोंद झाली. नवऱ्याच्या नावाचे पाच किलो पहिल्या दुकानदारानं नाकारले, फोन लावल्यावर दिले. तिचं आणि मुलाचं नाव चढायला चार महिने आणि सासूच्या तहसीलच्या तीन खेपा लागल्या. गोळ्या चालू होत्या, पुढे लोहाची सलाईनही द्यावी लागली. बाळंतपणाच्या वेळी हिमोग्लोबिन 9.8 होतं. पुरेसं नव्हतं, पण रक्त चढवावं लागलं नाही. मुलगी झाली, 2 किलो 600 ग्रॅमची.

आळवी नगरीची गोष्ट आपण विहारात ऐकतो. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी उशिरा आला. तथागत त्याच्यासाठी थांबले. आधी त्याला जेवू घातलं, मगच धम्म सांगितला. उपाशी माणसाच्या कानात काही शिरत नाही, हे त्यांना कळत होतं.

म्हणून एक विनंती. या महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी आपापली रेशन कार्डं, किंवा गावाकडच्या कार्डाचा फोटो, विहारात घेऊन या. लिहिता-वाचता येणाऱ्या दोन पोरांना वही देऊन बसवा. तीन गोष्टी लिहा : शिक्का आहे का, घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का, ई-केवायसी झालं का. शेजारच्या गल्लीतल्या उत्तर भारतीय, तेलुगू, आदिवासी कुटुंबांनाही बोलवा. त्यांना "बाहेरचे" म्हणू नका. बाबासाहेबांचं कुटुंबही सातारा सोडून मुंबईत येऊन परळच्या चाळीत राहिलं होतं.

आणि आपल्या घरात नवी सून आली असेल, तर आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा : बाई, तुझं नाव कोणत्या कार्डात आहे?